सृष्टीचे सहा दिवस किती मोठे?

बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. त्यानंतर सातव्या दिवशीच्या त्याच्या विसाव्याचे वर्णन येते. हे दिवस चोवीस तासांचे होते का, हा वाद भूगर्भशास्त्राने उकरून काढला असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात तो कित्येक शतके जुना आहे, कारण अडचण मजकुरातच आहे. पहिले तीन दिवस रीतसर उगवतात आणि मावळतात, सूर्य मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतो. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेनने नेमके यावरच बोट ठेवले आणि सूर्यावाचून दिवस कसला, असे विचारून शब्दशः अर्थ नाकारला. ऑगस्टीनने (354–430) तर काळाचा प्रश्नच उडवून लावला. त्याच्या मते देवाने सारे एकाच क्षणी निर्मिले. सहा दिवस हा काळाचा नव्हे, आकलनाचा क्रम आहे.

शब्दशः अर्थ मानणाऱ्यांची बाजूही लंगडी नाही. प्रत्येक दिवसाअखेर संध्याकाळ आणि सकाळ यांचा उल्लेख आहे. शिवाय ‘निर्गम’ या पुस्तकातील शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा माणसाचे सहा दिवसांचे काम देवाच्या सहा दिवसांवरच बेतते. म्हणूनच धर्मसुधारक ल्यूथरने ऑगस्टीनचा अर्थ बाजूला सारून साधे दिवस मानले. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये सृष्टीचे वर्षही काढले: इसवी सनापूर्वी 4004.

पुढे खडकांचे वय लाखो वर्षांत मोजले जाऊ लागले, तेव्हा तडजोडी निघाल्या. स्कॉटलंडच्या थॉमस चाल्मर्स यांनी पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान प्रदीर्घ कालखंड कल्पिला. ह्यू मिलर यांनी एकेक दिवस म्हणजे एकेक युग मानले. ही दुसरी तोड अजूनही लोकप्रिय आहे, पण ती विज्ञानालाही पुरती पटत नाही: बायबलमध्ये पक्षी पाचव्या दिवशी आणि भूचर प्राणी सहाव्या दिवशी येतात, जीवाश्मांत भूचर आधी दिसतात.

1924 मध्ये डच अभ्यासक आरी नोर्डत्झाय यांनी मांडलेली रचनेची दृष्टी अधिक समाधानकारक वाटते. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व जल, आणि भूमी ही क्षेत्रे तयार होतात. पुढच्या तिन्हींत त्याच क्रमाने सूर्य-चंद्र, पक्षी व मासे, प्राणी व माणूस त्यांत येतात. मांडणी अशी विषयवार असेल तर सूर्याआधीच्या दिवसांचे कोडेच उरत नाही. शब्बाथाच्या आज्ञेला मात्र या दृष्टीत तितके सरळ उत्तर मिळत नाही.

कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने 1909 मध्येच ‘दिवस’ म्हणजे नेहमीचा नैसर्गिक दिवस की एखादा कालखंड, हा प्रश्न अभ्यासकांना मोकळा ठेवला. उत्क्रांतिवादाचे कडवे विरोधक विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेल्या 1925 च्या स्कोप्स खटल्यात हे दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असे नाही, अशी कबुली दिली. चोवीस तासांचा आग्रह अमेरिकेतील प्रॉटेस्टंटांमध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा पसरला तो व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांचे जलप्रलयावरील पुस्तक 1961 मध्ये आल्यानंतर.