‘तयारी’ चालू आहे

पुण्यात शास्त्री रस्त्याला लागलं की झेरॉक्सची दुकानं, मेसच्या पाट्या आणि ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ असे चिकटवलेले कागद दिसू लागतात. अभ्यासिकेच्या दाराशी चपलांचा ढीग, आत ओळीने लाकडी कप्पे. एका कप्प्यात डोळ्यांसमोर चिठ्ठी लावलेली असते : ‘मिशन २०२२’. शेवटच्या दोनाचा गिरवून तीन केलेला, तिनाचा पाच. चिठ्ठी बदललेली नाही. शाई तेवढी दाट झाली आहे.

बीए, बीकॉम, बीएस्सी, अगदी बीई झालेल्या मुलाला गावच्या पारावर ‘पुढं काय?’ असं विचारलं, की उत्तर तयार असतं : ‘एमपीएससीची तयारी करतोय.’ या उत्तराने विचारणाऱ्याचं समाधान होतं, आईवडिलांची मान ताठ राहते आणि मुलाचीही सुटका होते. खरं पाहता पदवीनंतर काय करायचं, हा निर्णय तिथे झालेलाच नसतो; तो पुढे ढकललेला असतो. ढकलण्याला मात्र प्रतिष्ठा मिळालेली असते.

यात मुलांना आळशी ठरवणं सोपं आहे, आणि चूकही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या रोजगार अहवालानुसार, २०२२मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. निरक्षर मुलगा मिळेल ते काम धरतो, त्याला थांबणं परवडत नाही. पदवीधराच्या घरच्यांनी मात्र थोडं थांबण्यापुरते पैसे कसेबसे जमवलेले असतात. दोन एकर कोरडवाहू आणि जवळच्या एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी एवढेच पर्याय समोर असतील, तर तहसीलदारकीचं स्वप्न पाहणाऱ्याला वेडा कोण म्हणेल? २०२४च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यात उच्चशिक्षितही होते.

म्हणजे परीक्षा द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. मुद्दा आहे तो तयारीला शेवट नसण्याचा. २०१६मध्ये राज्य सरकारने खुल्या गटाची वयोमर्यादा ३३वरून ३८ केली, राखीव गटांसाठी ती ४३ झाली. तेव्हा या निर्णयाचं स्वागतच झालं. डिसेंबर २०२०मध्ये आयोगाने खुल्या गटाला सहाच प्रयत्न, अशी मर्यादा जाहीर केली. २०२२मध्ये तीही मागे घेतली. दोन्ही निर्णय मुलांच्या भल्यासाठीच घेतलेले. पण बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या खुल्या गटातल्या मुलापुढे आता सोळा वर्षांचं मैदान मोकळं आहे, आणि थांब म्हणणारा कुणी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची सहा प्रयत्नांची अट कठोर वाटते खरी. निदान ती मुलाला वेळेवर घरी तरी पाठवते.

व्यवस्थेचाही यात वाटा आहे, आणि तो लहान नाही. मार्च २०२१मध्ये पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. राज्यसेवा २०१९मध्ये निवडल्या गेलेल्या ४१३ जणांचा निकाल जून २०२०मध्ये लागला. त्यानंतर वर्ष उलटलं तरी नेमणुकीचे आदेश हातात नव्हते. पास झालेल्यांचीच ही गत, तर बाकीच्यांनी आपलं वेळापत्रक कशाच्या भरवशावर आखायचं?

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पाच-पाच वर्षं तहसीलदार होण्यासाठी झटणाऱ्या कितीतरी मुलांनी तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला काढण्यापलीकडे पाऊल ठेवलेलं नसतं. आपल्याला ते काम आवडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आणि सहा महिने प्रत्यक्ष आस्थापनेत काम, अशी सोय होती. सरकारी कार्यालयांतही मुलं रुजू झाली. मुदत संपत आली तशी कायम करण्याची मागणी सुरू झाली, म्हणजे पुन्हा वाट पाहणं आलंच. तरीही फायली कशा हलतात आणि खिडकीपलीकडचा माणूस दिवसभर काय करतो, हे पाहण्याची ती संधी होती. दोन प्रयत्नांच्या मध्ये असे सहा महिने घालवलेला उमेदवार मागे पडत नाही. मुलाखतीच्या टेबलावर त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आईवडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी पहिला फॉर्म भरेल, त्याच दिवशी शेजारी बसून विचारा : किती प्रयत्न, आणि कोणत्या महिन्यापर्यंत? जे ठरेल ते घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पूर्वपरीक्षा सलग दोनदा हुकली तर कोणतं काम धरायचं, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या. तेव्हा पोर बावीस वर्षांचं असतं आणि हे बोलणं अवघड जात नाही. एकतिसाव्या वर्षी, धाकट्या भावाच्या लग्नाच्या मांडवात, ते फार अवघड होतं.