कोयत्याचा हिशेब

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्यातांड्यांवरच्या घरांना कुलपं लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर पोचतात. ऊसतोडीच्या या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हिशेब एक. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो नवरा. ती फेडायला पहाटेपासून राबतात दोघं.

एक दिवस चुकला की खाडा. मजुरी बुडतेच, वर दंड बसतो. फडावर ना संडास, ना आडोसा. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. अशा ठिकाणी मासिक पाळीही परवडत नाही. 2019 साली राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीने बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर याला जबाबदार आहेतच, पण त्या भीतीला खतपाणी मिळालं ते खाड्यातून.

या उसाची साखर जाते कुठे? मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की कोका-कोला आणि पेप्सिको यांना साखर देणाऱ्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडांवर कर्जाची वेठबिगारी, बालविवाह आणि याच शस्त्रक्रिया चालत आल्या आहेत. कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना मुकादमाकडे. कामगार कागदोपत्री कारखान्याचा नसतोच. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, शेतकऱ्याचं नाव असतं, वजन किलोपर्यंत असतं. ऊस तोडणारीचं नाव मात्र कुठेच नाही. ही चूक म्हणायची, की सोय? सोयच म्हणावी लागेल.

पाण्याचा हिशेबही असाच. राज्यातल्या लागवडीच्या जेमतेम चार टक्के जमिनीवर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा त्यालाच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात कारखाने उसाला पाणी द्या म्हणत वाढले. ज्याची विहीर आटते, तो उचल घेतो.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. पण ती वाढही कोयत्याच्या हिशेबात, म्हणजे पुन्हा नवऱ्याच्या हातात. बाईच्या नावाने वेगळी मजुरी, आजारपणाची भरपगारी रजा आणि फडावर संडास, एवढं तरी साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांनी खरेदीच्या करारातच मागायला हवं. साखरेच्या प्रतीचे निकष त्या करारात आधीपासून असतात.