विरजणाचं कर्ज

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केली की जगात दोनच जातीची माणसं दिसू लागतात : ऋणको आणि धनको. धनकोने दिलं की त्याचं तेवढं कमी होतं आणि ऋणकोचं तेवढं वाढतं, हा सिद्धांत मी बी.कॉम.ला पाठ केला आणि त्याच्याच जिवावर आजवर पगार घेतला. परवा एका काचेच्या चंबूने तो पार मोडीत काढला.

झालं असं, की रविवारी सकाळी अमेरिकेतून थोरल्या भावाच्या चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला. चिरंजीव मिलवॉकीला असतात आणि घरी बिअर गाळतात. तिथे ते चालतं. १९७८ साली कार्टरसाहेबांनी तशा कायद्यावर सही केली. आपल्याकडे १९४९चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे माझ्या प्रयोगशीलतेची धाव दह्याच्या पलीकडे जात नाही.

"काका, आज बिअर नाही, आज नुसता स्टार्टर," असं म्हणत त्याने शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला चंबू फोनसमोर धरला. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या अर्काची पूड, लिटरभर पाण्याला साधारण शंभर ग्रॅम. ते उकळायचं, निववायचं आणि मग त्यात यीस्ट सोडायचं. तोंडावर फॉइलची सैल टोपी घालून येता-जाता हलवायचं. दीड-दोन दिवसांत यीस्टची प्रजा वाढते, मग ती वीस लिटरच्या पिंपात ओतायची.

"थेट पिंपातच का नाही सोडत?"

"एवढंसं यीस्ट एवढ्या पिंपात रेंगाळतं, काका. तोवर हवेतले भलतेच जंतू जागा बळकावतात. आधी लहान भांड्यात माणसं जमवायची, मग मोठ्या भांड्यावर चाल करायची."

"अरे, म्हणजे विरजणच की!" मी म्हणालो. दुधाऐवजी जव आणि जंतूंऐवजी यीस्ट, एवढाच काय तो फरक. बिअर झाली की तळाशी साठलेलं यीस्ट तो बरणीत भरून पुढच्या खेपेला ठेवतो, आणि शेजाऱ्याने मागितलं तर त्यालाही देतो.

माझ्यातला कारकून इथे अडखळला. शेजाऱ्याला दिलं तरी उद्या याचं तेवढंच! मुद्दल देऊनही मुद्दल शाबूत राहतं, असं कर्ज आमच्या कुठल्याच लेजरमध्ये बसत नाही. विद्याधनाबद्दलचं तसलं एक सुभाषित शाळेत होतं म्हणा. पण विद्येचा आणि आमचा संबंध परीक्षेपुरताच.

मग प्रश्न पडला, की ज्यात आपलं काहीच जात नाही ते देण्यात पुण्य कसलं? मला वाटतं, नाहीच. चमचाभर विरजण दिलं म्हणून कुणाला स्वर्गात जागा मिळत नसणार. पण मग ते नाकारलं तर? इथे मात्र हिशेब उलटतो. शंभर रुपये नाकारणाऱ्याला निदान 'महिनाअखेर आहे' असं म्हणता येतं. विरजण नाकारणाऱ्याला कसलीच सबब नाही. त्याचा नकार शुद्ध, भेसळ नसलेला असतो.

व्यापाऱ्यांनासुद्धा हे कळलेलं दिसतं. १८४५ साली याकोबसेन नावाच्या डॅनिश बिअरवाल्याने म्युनिकच्या झेडलमायरकडून यीस्ट मागून आणलं. घोडागाडीचा प्रवास, गाडी थांबेल तिथे भांड्यावर गार पाणी ओतत त्याने ते कोपनहेगनला जिवंत पोचवलं, अशी हकीकत सांगतात. त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ साली हान्सेन या शास्त्रज्ञाने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. ते तिजोरीत कुलूपबंद करायचं सोडून याकोबसेनने इतर बिअरवाल्यांना, म्हणजे चक्क प्रतिस्पर्ध्यांना, फुकट देऊ केलं.

हे मी हिला मोठ्या कौतुकाने सांगत होतो. ही म्हणाली, "आणि तुम्ही?"

आमच्या घरचं विरजण आईचं. लग्नानंतर वाईहून येताना मांडीवर डबा धरून एस.टी.तून आणलेलं. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचं दही रोज लागतं. गेल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू वहिनी संध्याकाळी वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या यजमानांची स्कूटर माझ्या जागेवर लागते. मी दारातूनच म्हणालो, "दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत हो आमच्याकडे." एरवी मला शास्त्रातलं अमावास्या आणि बँक हॉलिडे यांतला फरकही कळत नाही.

त्याच रविवारी रात्री अकरा वाजता भूक लागली म्हणून मी दहीभात कालवला आणि वाटी निपटून काढली. "विरजणापुरतं ठेवा" हे हिचं वाक्य मला सकाळी रिकामी वाटी पाहिल्यावर आठवलं.

डेअरी पन्नास पावलांवर आहे. दही मिळालं असतं, पण आईचं नव्हे. ही काही बोलली नाही, आणि न बोललेलंच जास्त लागतं. समोरच्या दामलेकाकूंनी पूर्वी आईकडूनच विरजण नेलं होतं. पण त्या लेकीकडे बंगलोरला. फोन केला तर म्हणाल्या, "अरे, मी जाताना वरच्या वहिनींना दिलंय की! जा, माग."

दिवसभर बँकेत धीर गोळा केला. संध्याकाळी वाटी घेऊन वर गेलो. वहिनींनी दार उघडलं, वाटीकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"दिवे लागलेत," त्या म्हणाल्या. "तुम्हांला चालेल ना?"

मी मान खाली घालून चालेल म्हणालो. त्यांनी चमचाभर मागितलेलं अर्धी वाटी दिलं.

रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच अंगणात शिरावं तसा चोरपावलांनी, वाटीभर साखर घेऊन वर गेलो. त्या हसून म्हणाल्या, "साखर कशाला? हिशेब मिटवायचाय का?"

वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी एक खातं उघडं ठेवून घरी आलो. स्कूटर अजून माझ्याच जागेवर असते. तिच्याकडे बघताना दही आठवतं, एवढंच.