तीन विषयांत पास, तरी मदत बंद

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात कटऑफ लागत नाही. शाळेचं शिक्षण पुरं झालेल्या जवळजवळ कोणालाही तिथे नाव घालता येतं, मग तो अठरा वर्षांचा मुलगा असो की कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत नवं काम शिकू पाहणारा माणूस. आज चालू असलेल्या अशा सरकारी कॉलेजांतलं सर्वांत जुनं कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली सुरू झालं. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर पसरावं अशी शिफारस केली आणि कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झालं. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही ती परकी नाहीत. नवऱ्याच्या व्हिसावर तिथे गेलेल्या कितीतरी जणींनी अकाउंटिंगचा किंवा प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स तिथेच केला.

एवढ्या सढळपणे सगळ्यांना आत घेणारी उच्च शिक्षणाची दुसरी व्यवस्था सहजी आठवत नाही, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच एक गोष्ट खटकते. प्रवेश ज्याच्यासाठी खुला केला, त्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आतले नियम लिहिलेले नाहीत. ते लिहिले गेले दिवसभर मोकळ्या असलेल्या आणि घरात कोणीतरी आधी कॉलेज केलेल्या विद्यार्थ्यासाठी.

वेळेचाच हिशोब बघा. एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी अभ्यास, सत्रभर म्हणजे साधारण पंधरा आठवडे, अशी तिथली जुनी रीत आहे. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला किमान १२ क्रेडिट लागतात. म्हणजे आठवड्याचे ३६ तास. दोन वर्षांत पदवी हवी असेल तर १५ क्रेडिट, म्हणजे ४५ तास. कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी अर्धवेळ असतात, आणि बहुतेकांना नोकरी असते. दुकानात, गोदामात किंवा वृद्धाश्रमात पाळ्या करून आलेल्या माणसाकडे हे ४५ तास कुठून येणार, याचं उत्तर कॉलेजच्या माहितीपुस्तकात नसतं.

शिवाय प्रत्येक विषयाचे नियम वेगळे. आपल्याकडे नियम विद्यापीठ ठरवतं आणि बराचसा भार शेवटच्या परीक्षेवर असतो. शेवटचे तीन आठवडे जागून काढले की तरून जाता येतं, अशी निदान आशा असते. तिथे पहिल्या दिवशी शिक्षक जो सिलॅबस हातात देतो, तो अभ्यासक्रमाच्या यादीपेक्षा करारनाम्यासारखा वाचावा लागतो. दर आठवड्याच्या छोट्या चाचणीला किती टक्के, चर्चेत भाग घेण्याला किती, उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापणार, किती गैरहजेरीनंतर नाव काढणार, सगळं त्यात असतं. चार विषय म्हणजे असे चार करार. ज्याचे आईवडील कॉलेजात गेले होते त्याला घरीच कोणीतरी सांगतं की हा कागद नीट वाच, तारखा वहीत उतरव, अडलास तर शिक्षकाच्या खोलीत जाऊन विचार. बाकीच्यांना हे कळतं ते गुण गेल्यावर.

हे नियम माणसाला कसे गाठतात ते एका हिशोबावरून पाहू. समजा, वृद्धाश्रमात मदतनीस असलेली एक बाई नर्स व्हायचं म्हणून कॉलेजात आली. पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान, तिला मंजूर झालं. तिने तीन-तीन क्रेडिटचे चार विषय घेतले. सहाव्या आठवड्यात तिची पाळी बदलली आणि दोन विषयांच्या तासांना जाणं अशक्य झालं. ती जायची थांबली. वर्गात जाणं सोडलं की विषय सुटला, असं तिला वाटलं आणि तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण विषय सोडायचा तर मुदतीच्या आत रीतसर अर्ज द्यावा लागतो. तो दिला की गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ येतो आणि सरासरीला धक्का लागत नाही. अर्ज न देता जो गायब होतो, तो सहसा नापास. डिसेंबरात तिला दोन विषयांत बी मिळाला आणि दोन विषयांत एफ. चारपैकी दीड गुणांची सरासरी.

आता सरकारी मदतीचा नियम. पदवी ६० क्रेडिटची असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० क्रेडिटपर्यंतच मदत मिळते. त्या मर्यादेत पदवी हाती यायची, तर घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण होत राहायला हवीत. सरासरीही दोनच्या खाली चालत नाही. आपल्या बाईची १२ पैकी ६ पूर्ण झाली, म्हणजे ५० टक्के. तिला ताकीद मिळते आणि एक सत्र सुधारण्यासाठी मिळतं.

ती सुधारते. दुसऱ्या सत्रात पुन्हा चार विषय घेते. आता तिला नियम कळलेला आहे, त्यामुळे झेपत नाही असा एक विषय ती मुदतीत रीतसर सोडते आणि उरलेल्या तिन्हीत बी मिळवते. सरासरी २.१४ वर जाते, म्हणजे ती अट पुरी झाली. पण रीतसर सोडलेला विषयही ‘घेतलेल्या’ क्रेडिटमध्ये मोजला जातो. एकूण घेतली २४, पूर्ण झाली १५, प्रमाण साडेबासष्ट टक्के. मदत बंद! नोकरी सांभाळून चारपैकी तीन विषयांत चांगल्या गुणांनी पास झालेल्या बाईला, तिची प्रगती समाधानकारक नाही, असं पत्र येतं.

यावर अपील करता येतं. घरातला मृत्यू, आजारपण, अपघात किंवा तशी विशेष परिस्थिती असेल तर विचार होतो. काय घडलं, आता काय बदललं, ते लिहून द्यायचं आणि सहसा पुरावा जोडायचा. मृत्यूचा दाखला मिळतो, डॉक्टरचं पत्र मिळतं. मॅनेजरने पाळी बदलल्याचा दाखला कोण देणार? आणि ज्या बाईला औपचारिक पत्र लिहायला अजून शिकवायचंच आहे, तिच्याकडूनच कॉलेज असं पत्र मागतं ज्यावर तिचं सगळं शिक्षण अवलंबून आहे.

सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत सगळेच विषय सोडले तर आणखी एक संकट उभं राहतं. मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो, आणि तो पुष्कळदा कॉलेजच्या थकबाकीच्या रूपाने विद्यार्थ्याच्या नावावर चढतो. थकबाकी असेल तर पुढची नोंदणी अडते. शिकायला आलेला माणूस देणेकरी होऊन घरी जातो.

हे वाचून कोणी म्हणेल, मग नियम सैल करा, सगळ्यांना सांभाळून घ्या. मला ते मान्य नाही. नर्सिंगच्या कितीतरी अभ्यासक्रमांत औषधाच्या मात्रेच्या गणितात नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळाल्याशिवाय रुग्णाजवळ जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर रुग्णाला दहापट औषध जाईल. गरीब विद्यार्थ्याकडून कमी अपेक्षा ठेवणं वरवर दयाळूपणाचं दिसतं, पण त्यातून त्याच्या हाती पडते ती बाजारात कोणी विचारणार नाही अशी पदवी. सार्वजनिक पैशालाही काही हिशोब असलाच पाहिजे.

प्रश्न वेगळा आहे. काही नियम विद्यार्थ्याला विषय येतो का हे पाहतात. काही नियम त्याला नियम माहीत आहेत का, एवढंच पाहतात. पहिल्या प्रकारचे नियम कडक असावेत. दुसऱ्या प्रकारच्या नियमांनी कोणाचंही शिक्षण संपता कामा नये.

कधीकधी नियमच चुकीचा असतो आणि तो जायला हवा. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं प्रवेशानंतर इंग्रजी आणि गणिताची चाचणी घेत, आणि तीत कमी पडलेल्यांना पदवीसाठी न मोजले जाणारे पायाभूत कोर्स एकामागून एक करायला लावत. या साखळीतून फार थोडे बाहेर पडत. बाकीचे मध्येच कुठेतरी गळून जात. २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा झाला आणि शाळेतल्या गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या कोर्सला बसू देणं कॉलेजांना बंधनकारक झालं. हा निर्णय विद्यार्थ्यांवर टाकलेला विश्वास होता. मात्र जिथे जोडीला जादा तास आणि मदत दिली नाही, तिथे काहींची फरफटही झाली.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या अशाच कॉलेजचा अभ्यास करून, फार अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली होती. ही व्यवस्था कोणाला नाही म्हणत नाही. ती चाचण्या, समुपदेशन आणि ताकिदीच्या पत्रांमधून विद्यार्थ्याची उमेद हळूहळू थंड करते, इतकी की शेवटी त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी होतं. रिबेका कॉक्स यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात विद्यार्थ्यांची जी भीती दाखवली, ती याच जातीची आहे. आपण कॉलेजच्या लायकीचे नाही हे उघड होईल, या धास्तीने ते प्रश्न विचारत नाहीत आणि शिक्षकाच्या खोलीकडे फिरकत नाहीत. मदतीची सर्वांत जास्त गरज असलेलेच मदत मागत नाहीत. त्यामुळे ‘मदत उपलब्ध आहे, येऊन विचारा’ ही सूचना कितीही ठळक छापली तरी पुरेशी ठरत नाही.

काय पुरेसं ठरतं हे न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने दाखवून दिलं. २००७ पासून तिथे ‘असॅप’ नावाची योजना चालते. तिच्या अटी नेहमीपेक्षा जास्त कडक आहेत. पूर्णवेळ शिकायचं, कच्चे विषय आधी घ्यायचे, शिकवणीला बसायचं, सल्लागाराला नियमित भेटायचं. त्या बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि मेट्रोचा पास. या योजनेवर झालेल्या अभ्यासात एका सल्लागारामागे ६० ते ८० विद्यार्थी होते. नेहमीच्या व्यवस्थेत ही संख्या ६०० पासून दीड हजारांपर्यंत होती. कोणाला योजनेत घ्यायचं हे सोडतीसारखं ठरवून तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण योजनेत ४० टक्के आणि बाहेर २२ टक्के निघालं. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत अशीच योजना राबवली, तेव्हा तिथेही ते जवळजवळ दुप्पट झालं.

माझ्या मते यातला मेट्रोचा पास आणि सल्लागार दोन्ही सारखेच महत्त्वाचे. पास मिळवायचा म्हणून विद्यार्थी दरमहा येतोच, आणि आला की सल्लागाराला दिसतं की गणिताच्या दोन चाचण्या चुकल्या आहेत. आपली वृद्धाश्रमातली बाई इथे असती तर सहाव्या आठवड्यातच कोणीतरी तिला म्हणालं असतं, पाळी बदलली ना, मग हा विषय शुक्रवारच्या आत सोड आणि तो दुसरा संध्याकाळच्या वर्गात हलतो का बघू. दहा मिनिटांचं बोलणं. नियम एकही बदलावा लागला नसता.

ही योजना महाग आहे, हा आक्षेप नेहमी येतो. विद्यार्थ्यामागे खर्च खरंच जास्त येतो. पण पदवीधर झालेल्या प्रत्येकामागे मोजला तर तो कमी भरला. अर्धवट शिकून गेलेल्यांवर झालेला खर्च आपण सहसा मोजतच नाही.

महाराष्ट्राला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांतही क्रेडिटची भाषा आली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायचं, पुन्हा यायचं, आणि मिळवलेली क्रेडिट खास क्रेडिट बँकेत सात वर्षांपर्यंत ठेवायची. मध्येच लग्न किंवा ऊसतोड आड येणाऱ्या मुलामुलींसाठी या तरतुदी खरोखर मोलाच्या ठरू शकतात. पण त्या वापरायच्या कशा, कोणता विषय घेतल्याने पुढे कोणती वाट बंद होते, बाहेर पडल्यावर परत यायला काय काय लागतं, हे घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला कोण सांगणार? जिथे शिकवायच्याच जागा रिकाम्या आहेत, तिथे हे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या किंवा फी घेणाऱ्या कारकुनाच्या गळ्यात पडतं, आणि दोघांनाही त्यासाठी वेळ नसतो. सत्तर-ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ सल्लागार ही मागणी प्राध्यापक भरतीच्या मागणीला जोडूनच व्हायला हवी, आणि पहिली नेमणूक जिथे पहिल्या वर्षानंतर सर्वांत जास्त मुलं गळतात त्या महाविद्यालयांत व्हायला हवी.