भिंतींतील मोहोळ

शास्त्रपाठ : मत्तय १२:४३–४५



धानाची कापणी आटोपली, शेतांतून मोहरी व लाखोळी फुलली आणि पुढें मोहाचीं फुलें गळूं लागलीं, म्हणजे साकोलीच्या भोंवतालच्या मुलुखांत मधमाश्यांना सुकाळ येतो. सुकाळांत मोहोळ वाढतें. फार वाढलें म्हणजे तें फुटतें, आणि जुनी राणी बऱ्याचशा माश्या बरोबर घेऊन नव्या घराच्या शोधास निघते. नागझिऱ्याच्या रानांत त्यांना झाडांच्या ढोली पुष्कळ मिळतात. परंतु गांवांतील मातीची जाड भिंत, तिच्यांत उंदरानें पाडलेलें भोंक, कौलांखालची काळोखी पोकळी, महिनोन्महिने न उघडलेली पेटी, हीं देखील सातेरी माशीला ढोलीसारखींच वाटतात. मग एखाद्या दुपारीं अंगणांत मोठा गुंजारव होतो, आकाश माश्यांनीं काळवंडतें आणि घरचीं माणसें भांबावून जातात. ख्रिस्ती घर असलें तर कोणी तरी उपदेशकाकडे धांवतो. त्याला दोन प्रश्न विचारण्यांत येतात : हें कशाचें चिन्ह आहे? आणि यांना घालवावें कसें?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों. कारण डोक्यावर माश्या घोंघावत असतां कोणाचेंही चित्त उपदेशाकडे लागत नाहीं.

आलेला थवा जर तुळईला किंवा अंगणांतील झाडाला घोसासारखा लटकून बसला असेल, आणि पोळें मुळींच दिसत नसेल, तर ते वाटसरू आहेत असें समजावें. निघतांना त्यांनीं पोटभर मध घेतलेला असतो. राखावयास त्यांच्यापाशीं पिलें नसतात कीं सांठा नसतो. म्हणून डिंवचल्यावांचून ते सहसा डंख करीत नाहींत. त्यांच्यांतील कांहीं माश्या जागा पाहण्यास गेलेल्या असतात. त्या परत आल्या, जागा पसंत पडली, कीं सर्व थवा उठतो. कधीं घटकाभरांत, कधीं एक-दोन दिवसांनीं. तोंवर लेंकरांना दूर ठेवावें. दावणीचीं गुरें आधीं सोडून न्यावीं, कारण बांधलेल्या जनावराला पळतां येत नाहीं. दगड मारूं नये, धूर करूं नये. आग्या मोहोळाची गोष्ट मात्र निराळी. ही मोठी माशी उंच झाडाला, पुलाखालीं किंवा पाण्याच्या टाकीला उघड्यावर एकच मोठें पोळें बांधते. तिच्या वाटेस माहीतगारावांचून कोणीं जाऊंच नये.

परंतु माश्या भिंतीच्या भोंकांतून रोज आंत-बाहेर करूं लागल्या आणि त्यांच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे दिसूं लागले, म्हणजे बिऱ्हाड थाटलें असें समजावें. येथेंच आपली घाई नडते. कोणी रॉकेलचा बोळा पेटवितो. कोणी हल्लीं बाजारांत मिळणारा कीटकनाशकाचा फवारा भोंकांत सोडतो. दाराशीं असलेल्या माश्या पटापट मरतात. घरधनी त्या झाडून उकिरड्यावर टाकतो, आणि घर स्वच्छ झालें असें म्हणतो.

आंत काय राहिलें? एकाशेजारीं एक लोंबणारीं पोळीं. त्यांत मध, पराग आणि हजारों पिलें. माश्या जिवंत असतां त्या पंखांनीं वारा घालून पोळें थंड राखतात. वारा घालणारें कोणी उरलें नाहीं, कीं वैशाखाच्या उन्हानें मेण मऊ पडतें, मध भिंतीवरून ओघळूं लागतो, पिलें कुजतात. मुंग्या येतात, मेणकिडा जाळीं विणतो. आणि हें सर्व सरल्यावरहि जुन्या मेणाचा वास मागें राहतो. पुढल्या सुकाळांत दुसरा थवा फुटला, कीं त्याचे जागा शोधणारे त्या वासानें त्याच भिंतीकडे ओढले जातात. भिंत तीच, भोंक तेंच, वास तोच. मग लोक म्हणतात, या घरावर कांहीं तरी आहे, नाहीं तर मोहोळ पुन्हां पुन्हां येथेंच कां यावें?

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. प्रभूनें एका अशुद्ध आत्म्याची गोष्ट सांगितली आहे. तो माणसांतून निघाला, निर्जल स्थळीं विसावा शोधीत फिरला, त्याला तो मिळाला नाहीं, म्हणून आपल्या पहिल्या घराकडे परतला. घर झाडलेलें, नीटनेटकें. मग त्यानें आपल्याहून वाईट असे आणखी सात आणले, व त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षां वाईट झाली. लूकानेंहि अकराव्या अध्यायांत ही गोष्ट दिली आहे. पण घर रिकामें होतें हा शब्द मत्तयानें घातला आहे, आणि उपदेशकांनीं वाचतांना त्या शब्दावर थांबावें. घर घाणेरडें होतें म्हणून तो परत शिरला असें प्रभु म्हणत नाहीं. तें झाडलेलें होतें. त्यांत कोणी राहत नव्हतें, एवढेंच.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मधमाशी भूत नव्हे. कोणा उपदेशकानें हा पाठ वाचून भिंतींतील माश्यांना अशुद्ध आत्मे म्हटलें, तर त्यानें एक भय घालवून दुसरें आणलें असें होईल. साम्य आहे तें घराचें, माशीचें नव्हे.

यावरून पहिला प्रश्न आपोआप पुढें येतो. मोहोळ घरांत आलें हें कशाचें चिन्ह? हा प्रश्न फार जुना आहे. शांखायन गृह्यसूत्रांत असा विधि आहे कीं, घरांत मधमाश्यांनीं मध केला तर गृहस्थानें उपवास करावा, आणि दहीं, मध व तूप लावलेल्या उंबराच्या १०८ समिधांचा होम करावा. म्हणजे त्या काळच्या विद्वानांनाहि या गोष्टीची धास्ती वाटत होती. आणि ही धास्ती आपल्याच देशांत होती असें कोणीं समजूं नये. इंग्लंडांतील ख्रिस्ती खेड्यांत घरधनी वारला म्हणजे कोणी तरी पेट्यांपाशीं जाऊन मधमाश्यांना ती बातमी सांगे. न सांगितल्यास माश्या मरतील किंवा निघून जातील अशी समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या देवळांत जाणारीं तीं माणसें! जुनें मेण तेथेंहि भिंतींत राहिलेंच होतें.

पवित्र शास्त्रांत मधमाशी येते, पण शकुन होऊन येत नाहीं. इस्राएलाचा पाठलाग करणारे अमोरी माश्यांसारखे आले असें मोशे सांगतो, तेथें ती केवळ उपमा आहे. शमशोनाला सिंहाच्या सांपळ्यांत मोहोळ सांपडलें. त्यानें मध खाल्ला, आईबापांना दिला, कोणत्याहि ज्योतिष्याला विचारलें नाहीं. योनाथानानें रानांतला मध चाखला, तेव्हां त्याचे डोळे टवटवीत झाले. संकट आलें तें मधामुळें नव्हे, बापानें उतावळेपणानें घातलेल्या शपथेमुळें. आणि दबोरा या नांवाचा अर्थच मधमाशी. ती इस्राएलाची न्यायाधीश झाली. तेव्हां मोहोळाचें चिन्ह विचाराल तर उत्तर इतकेंच : रानांत फुलें भरपूर आहेत आणि तुमच्या भिंतीला भोंक आहे.

पण खरी अडचण माशीची नाहीं. बाप्तिस्मा झाला, गळ्यांतला ताईत काढला, कोनाड्यांतील जुनें सर्व उचललें, दारावर वचनाची पाटी लावली. झाडलेलें, नीटनेटकें घर! तरी लेंकराला तिसऱ्या रात्रींही ताप राहिला, कीं आजीबाई मागच्या दारानें कोणाकडे जाते, हें मंडळींत सर्वांस ठाऊक असतें व कोणी बोलत नाहीं. पेरणीचा दिवस शेजाऱ्याच्या पंचांगावरून ठरतो. त्याहून जड गोष्ट सांगतों. प्रभुभोजनास आपण एका प्याल्यांतून घेतों; पण लग्नाच्या पंक्तीस बसतांना कोण पूर्वीं कोणत्या मोहल्ल्याचा होता, हें डोळे आपोआप शोधतात, आणि सोयरीक जुळवितांना तर तोंडानेंच विचारलें जातें. हें जुनें मेण आहे. दाराशीं असलेल्या माश्या आपण मारल्या. भिंत फोडून आंत पाहिलें नाहीं.

आणि केवळ काढून टाकण्यानें तरी काय होणार? आपल्यांतील कित्येकांना ख्रिस्ती होणें म्हणजे काय असें विचारलें, तर काय काय सोडलें याची यादी मिळते. दारू सोडली, शकुन सोडले, जत्रा सोडली. उत्तम. परंतु त्या जागीं कोण राहावयास आला? जेथें सायंकाळीं कुटुंब मिळून प्रार्थना करीत नाहीं, तापाच्या रात्रीं मंडळींतील कोणी उशाशीं येऊन बसत नाहीं, तें घर रिकामें आहे. अशा घरांतील आजीबाई मागच्या दारानें गेली, तर दोष एकट्या तिचा मानूं नये. त्या रात्रीं तिच्याकडे कोणी गेलें होतें काय?

आतां मोहोळ नीट काढण्याची रीत. हें काम माहीतगारानें सायंकाळीं करावें. धुराच्या भांड्यांतून थोडाथोडा धूर दिला म्हणजे माश्या मध पिण्याकडे वळतात. शिवाय एक माशी डंख करते तेव्हां एक वास सुटून इतर माश्या चवताळतात. तो वासहि धुरानें झांकला जातो. मग भिंत उकलून पोळीं एक एक कापावीं, पिलांचीं पोळीं चौकटींत बांधून लांकडी पेटींत ठेवावीं. राणी पेटींत गेली, कीं बाकीच्या मागोमाग जातात. असें मोहोळ काकडी, भोपळा, मोहरी यांच्या वाडीजवळ ठेवल्यास फळधारणेस मदतच होते. हें ज्ञान आपल्या प्रांतास परकें नाहीं. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें मधमाशीपालनास खेड्याच्या धंद्यांत जागा दिली, आणि त्या संघाचे चिटणीस जो. कॉ. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरास राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे. आपल्याकडील माणसानें आधीं जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयांत चौकशी करावी.

कोणास डंख झालाच, तर कांटा नखानें लागलाच खरडून काढावा. जितका तो आंत राहील तितकें विष अधिक उतरतें. बहुतेकांची सूज आपोआप ओसरते. परंतु श्वास कोंडूं लागला, ओंठ किंवा घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा एकाच वेळीं पुष्कळ डंख झाले, तर घरगुती औषधांत क्षण घालवूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून दवाखान्यांत न्यावें. प्रार्थना वाटेंतहि करतां येते.

पोळीं निघाल्यावर कामकरी लगेच माती भरूं पाहतो. त्यास थांबवावें. उजेड आंत धरून मेणाचा थर कोठें चिकटून राहिला आहे काय तें पाहावें, तो खरवडून जागा धुवावी, वाळूं द्यावी, आणि मग पोकळी तळापासून ठासून भरावी. नुसतें तोंड लिंपून उपयोग नाहीं. भिंत झाली म्हणजे उपदेशकानें त्या घरीं प्रार्थना करावी. पुढल्या आठवड्यांतही जावें, आणि त्याच्या पुढल्याहि. सायंप्रार्थना सुरू झाली कीं नाहीं तें विचारावें, आजीबाईशीं बोलत बसावें, आणि उठतांना भिंतीवरून हात फिरवून ओली माती कोठें तडकली आहे काय तेंहि पाहून घ्यावें.