कुतचे कैदी आणि आपद्धर्म

रणांगणीं पडलेल्या वीराला कीर्ति मिळते. विजयी होऊन परतणाऱ्याला पदक मिळतें. परंतु वरिष्ठाच्या हुकुमानें शस्त्र खालीं ठेवून, शत्रूच्या कैदेंत दिवस काढून जो जिवंत घरीं येतो, त्याच्या वांट्याला बहुधा एक प्रश्नच येतो: "तूं कसा वांचलास?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तींत मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न सरत आलें, तेव्हां घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस नाकारलें. स्कर्व्हीनें ते खंगूं लागले. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुज्ञा आणविली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांचा हात पुढें होईना. गांवीं परतल्यावर आपणांस पंक्तीला कोण घेईल, हें भय तुर्कांच्या तोफांहून मोठें होतें.

शांतिपर्वांतील विश्वामित्र दुष्काळांत चांडाळाच्या घरचें कुत्र्याचें मांस घ्यावयास सिद्ध झाला. जगलों तर धर्म आचरतां येईल, हा त्याचा युक्तिवाद आपण आदरानें वाचतों. ऋषीला दिलेली ही सवलत शिपायाला देतांना मात्र आपण कचरतों!

शरणागतीनंतर सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. टाउनशेंडसाहेब प्रिंकिपो बेटावर सुखानें राहिले. साधे शिपाई वाळवंटांतून पायीं हांकले गेले, आणि कित्येकांना रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामास जुंपण्यांत आलें. भुकेनें व रोगानें हजारों मेले. शरण जाण्याचा निर्णय ज्यांचा नव्हता, त्यांनींच त्याची किंमत भरली.

कोणी म्हणेल, अशानें नीति सैल होईल. सोबत्याची भाकरी चोरणाराही आपद्धर्माचेंच नांव घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु स्वतःचें व्रत मोडणें निराळें आणि दुसऱ्याचा घास हिरावणें निराळें. पहिल्याचा हिशेब ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं करावा. दुसऱ्याचा जाब विचारण्याचा हक्क त्या उपाशी सोबत्याला आहे. भरल्या पोटीं बसलेल्या आम्हांला नाहीं. आमचें कर्तव्य एवढेंच कीं, परत आलेल्यासाठीं आपल्या पंक्तींत पान मांडावें, आणि तो आपण होऊन बोलेपर्यंत कांहीं विचारूं नये.