न झिजलेल्या टायरवरची श्रद्धा

प्रामाणिकपणे बाळगलेला विश्वास चुकीचा निघाला आणि त्यापायी दुसऱ्याचे नुकसान झाले, तर विश्वास ठेवणारा दोषी ठरतो का? धर्मविचार आणि तत्त्वज्ञान या दोघांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. त्याची चर्चा बहुधा युद्ध, औषध, ईश्वर अशा मोठ्या विषयांवरून होते. मला तो बोटीच्या ट्रेलरचे टायर बदलण्याच्या किरकोळ कामात अधिक स्वच्छ दिसतो. कोकणात होडी वाळूवर ओढून ठेवतात, तिचा हमरस्त्याशी संबंध क्वचितच येतो. अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटा-मिशिगनसारख्या तळ्यांच्या राज्यांत, कितीतरी कुटुंबांची बोट घराच्या आवारात ट्रेलरवर उभी असते. हिवाळाभर ती हलत नाही; उन्हाळ्यात गाडीमागे जोडून तिला पाण्यावर नेतात आणि परत आणतात. अशा ट्रेलरचा टायर सात-आठ वर्षांनीही नव्यासारखा दिसतो. नक्षी खोल असते, गोटा होण्याचे चिन्हही नसते. मालक टायरला एक लाथ मारून पाहतो, त्याचे समाधान होते आणि तो निघतो. त्याच्या विश्वासात ढोंग नाही. तरीही तो विश्वास सदोष आहे, आणि प्रवास सुखरूप झाला तरी सदोषच राहतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी टायरचे पाहू. मोटारीचा टायर बहुतेक वेळा धावून संपतो, ट्रेलरचा बसून संपतो. ऊन, प्राणवायू आणि हवेतला ओझोन रबर हळूहळू ठिसूळ करतात. त्यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनला अटकाव करणारी रसायने मिसळलेली असतात, पण टायर फिरताना लवतो-दबतो तेव्हाच ती पृष्ठभागाकडे येत राहतात. महिनोन्महिने एकाच जागी भार सोसत उभ्या राहिलेल्या टायरला हे कवच पुरेसे मिळत नाही. म्हणजे मालक ज्या खुणेवर विसंबतो, ती न झिजलेली नक्षी, तीच टायर फार काळ उभा राहिल्याची साक्ष असते. नजर अधू नाही. ती चुकीच्या खुणेवर खिळली आहे. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर इथे प्रत्यक्षाने भागत नाही, शब्दप्रमाणाकडे वळावे लागते, आणि तो शब्द टायरवरच कोरलेला असतो. डीओटी या अक्षरांपुढच्या मजकुरातले शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचा टायर बदलावा, असे जाणकार सांगतात. गंमत अशी की हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या आतल्या बाजूला, ट्रेलरच्या सांगाड्याकडे तोंड करून असतात. ते वाचायला बॅटरी घेऊन खाली वाकावे लागते. बहुतेक जण वाकत नाहीत.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली ‘विश्वासाचे नीतिशास्त्र’ या निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण दिले. स्थलांतरितांना घेऊन जाणारे त्याचे जहाज जुने आहे, डागडुजी मागते आहे. मालकाच्या मनात शंका येते. ती तो दाबून टाकतो: इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, एवढी कुटुंबे घेऊन जाणाऱ्या जहाजाला देव बुडू देणार नाही. जहाज बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो. त्याचा विश्वास खरा होता, हे क्लिफर्ड मान्य करतो; तो ठेवण्याचा हक्क मालकाला नव्हता, असे म्हणतो. पुढे तो असेही ठरवतो की जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. ही निव्वळ कल्पना नव्हती. आदल्याच वर्षी, सॅम्युअल प्लिम्सॉल या खासदाराच्या चळवळीनंतर, ब्रिटिश जहाजांवर भाररेषा रंगवणे कायद्याने सक्तीचे झाले होते. मात्र ती रेषा नेमकी कुठे काढायची, हे सुरुवातीला मालकाच्याच हाती राहिले. आपल्या भाराची मर्यादा आपणच ठरवायची, ही मुभा माणसाच्या मनाला किती मोहात टाकते, याचा याहून उघड दाखला मिळणे कठीण.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. क्लिफर्डच्या मालकाच्या मनात शंका आली होती आणि ती त्याने दडपली. आपल्या ट्रेलरवाल्याला शंका कधी आलीच नाही. ज्याला प्रश्न सुचला नाही, त्याच्यावर उत्तर टाळल्याचा ठपका कसा ठेवायचा? मला वाटते, या जागी क्लिफर्ड अपुरा पडतो आणि त्याच्या कित्येक शतके आधीचा जैन विचार अधिक खोल जातो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडली आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात म्हणतात की जीव मेला काय किंवा वाचला काय, जो अयत्नाने वागतो त्याला हिंसा लागलीच. आणि जो काळजीपूर्वक वागतो त्याला केवळ कुणाचा प्राण गेला म्हणून कर्मबंध नाही. शंका दडपली की नाही, हे इथे विचारलेलेच नाही. लक्ष दिले की नाही, एवढेच विचारले आहे. ईर्यासमितीत, म्हणजे चालण्याच्या शिस्तीत, मुनीने पुढची सुमारे चार हात जमीन पाहत चालायचे असते. किडा दिसला नाही म्हणून पाय पडला, ही सबब तिथे चालत नाही, कारण पाहणे हेच व्रत आहे. हे नियम साधूंचे आहेत आणि गृहस्थाला संसारातली कामे करताना घडणाऱ्या, म्हणजे ‘आरंभी’, हिंसेची सवलत आहे, असे कुणी म्हणेल. सवलत आहे, पण ती टाळता न येणाऱ्या हिंसेपुरती. दहा मिनिटे वाकून टळणारी हिंसा तिच्यात बसवणे म्हणजे सवलतीचा गैरफायदा घेणे. आणि रस्त्यावर ज्याचा जीव टांगणीला लागतो, तो मागून येणारा परका माणूस असतो. आपण कुणाच्या टायरवर भरवसा टाकला आहे, हे त्याला ठाऊकही नसते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर घराबाहेर पडणेच बंद होईल. त्यापेक्षा सर्वांत मजबूत टायर घ्यावा आणि मोकळे व्हावे. पैसे टाकून चौकशीतून सुटका करून घेण्याचा हा मार्ग आहे, आणि तो टायरच्या बाबतीतही चालत नाही. एसटी (स्पेशल ट्रेलर) 205/75 आर15 या प्रचलित मापाचा ‘सी’ श्रेणीचा टायर 50 पीएसआय हवेवर 1820 पौंड, म्हणजे सुमारे 825 किलो पेलतो. ‘डी’ श्रेणीचा 65 पीएसआयवर 2150 पौंड. ‘डी’ चढवला, पण रिम तेवढ्या हवेसाठी बनलेली नसेल तर वाढीव ताकद कागदावरच राहते. आस मुळात कमी भाराची असेल तर तिथेही तेच. मोटारीचा टायर लावायचा म्हटला तर त्याची नोंदलेली क्षमता ट्रेलरसाठी 1.1 ने भागून धरावी लागते, आणि त्याच्या बाजू नरम असल्याने ट्रेलर डोलतो तो वेगळाच. उलट बोटीचे माहितीपत्रकातले वजन पुष्कळदा इंधनाशिवायचे असते, कधी इंजिनाशिवायचेही. तीस गॅलन पेट्रोल म्हटले की 180 पौंड वाढले. बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी अजून बाकीच. शिवाय मोटारीच्या सवयीने हवा कमी ठेवली तर टायर जास्त लवतो, तापतो आणि थर सुटतात. तेव्हा सगळे जग तपासा, अशी मागणी इथे कुणी करत नाही. भरलेल्या बोटीचे एकदा वजन करावे, चार आकडे वाचावेत, निघण्यापूर्वी थंड टायरची हवा मोजावी. कर्तव्याला काठ आहे, आणि तो हाताच्या अंतरावर आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने 1896 मध्ये क्लिफर्डला उत्तर दिले, ते अजून ताजे आहे. काही निवडी टाळता येत नाहीत, त्यांचे महत्त्व मोठे असते आणि पुरावा निकाल देऊ शकत नाही. अशा वेळी हृदयाने कौल द्यायला हरकत नाही, असे त्याचे म्हणणे. धार्मिक श्रद्धेच्या बाजूने इतका सभ्य युक्तिवाद मी दुसरा वाचलेला नाही, आणि ईश्वराच्या प्रश्नावर मी जेम्सच्याच अधिक जवळ आहे. पण त्याची परवानगी पुरावा संपतो तिथून सुरू होते. टायरच्या बाबतीत पुरावा संपलेला नाही, न वाचता पडून आहे. श्रद्धेला जिथे जागा आहे तिथली मोकळीक इथे आणणे हा श्रद्धेचाही अपमान आहे.

राहिला दैवाचा मुद्दा: फुटायचा तो नवा टायरही फुटतो. फुटतो, खरेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यात दैव आहे, पण पाचवे. अधिष्ठान, कर्ता, साधन आणि प्रयत्न यांच्यानंतरचे. साधन न तपासता थेट पाचव्याकडे बोट दाखवणे गीतेला धरून नाही. त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षणही आहे: परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. एसटी टायरच्या बाजूवर भार आणि हवेचा दाब छापलेला असतो तो हीच कुवत सांगण्यासाठी. फलाची आसक्ती सोडायची ती कर्म नीट केल्यावर. आधीच सोडली तर तो निव्वळ आळस.

नवे टायर बसले की उतरवलेल्यांपैकी बरा दिसणारा एक स्टेपनी म्हणून ठेवायची पद्धत आहे, आणि तिचे समर्थन असे होते की जवळच्या दुकानापर्यंत तर जायचे आहे. हा टायर म्हातारा म्हणून तर काढला, मग त्याला अडचणीच्या वेळेसाठी राखायचा हे मला पटत नाही. स्टेपनीवर चाललेल्या बोटीचे वजन कमी होत नाही, आणि ती वेळ बहुधा भर रहदारीच्या रस्त्यावरच येते. पैसे दोनच टायरांचे असतील तर तिसऱ्याचे जमेपर्यंत बोट आवारात उभी राहू द्यावी.